लिंड, येनी

(६ ऑक्टोबर १८२०–२ नोव्हेंबर १८८७). स्वीडिश ऑपेरा-गायिका. इंग्रजी मुलखात ती ‘जेनी’ या उच्चाराने आणि ‘स्वीडनची कोकिळा’ या उपाधीने प्रसिद्ध झाली. तिचा आवाज सोप्रानो, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातील सर्वांत उंच पट्टीचा स्त्रीस्वर होता आणि द्रुत स्वरमालिकांनी नटलेल्या कलोरातुरा शैलीत तिचा हातखंडा होता. ही शैली ऐकताना आपल्याला तानेची आठवण होते. मात्र तान गवयाला जागेवर सुचते, तर येथील बहुतेक स्वरावली रचनाकाराने आधीच लिहून ठेवलेली असते.

तिचा जन्म स्टॉकहोममध्ये, ओढगस्तीच्या घरात झाला. नऊ वर्षांची येनी खिडकीत बसून आपल्या मांजराला गाणी ऐकवत असे. रॉयल थिएटरमधील एका नर्तिकेच्या दासीने जाता-येता तो आवाज ऐकला आणि त्यातूनच मुलीला त्या थिएटरच्या शाळेत प्रवेश मिळाला. ७ मार्च १८३८ रोजी जर्मन संगीतकार वेबरच्या ‘डेर फ्रायशुट्झ’ या ऑपेरामधील आगाथेच्या भूमिकेने तिचे नाव झाले.

पुढच्या तीन वर्षांतील अतिश्रमांनी तिचा गळा जवळजवळ निकामी झाला. १८४१ मध्ये ती पॅरिसला मान्युएल गार्सिया या गायनगुरूंकडे गेली, तेव्हा तुझा आवाज उरलेलाच नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. सहा आठवडे गायचे नाही, बोलायचेही शक्य तितके कमी, या अटीवर त्यांनी तिला पुन्हा भेटीस बोलावले. त्यानंतर आरोह-अवरोह अत्यंत संथपणे घोटणे आणि लगतच्या दोन स्वरांतील आंदोलन तर त्याहूनही सावकाश बसवणे, असा प्राथमिक पाठांपासून रियाज सुरू झाला. मधल्या पट्टीतील काही स्वरांवरचा धूसरपणा कधीच पुरता गेला नाही; पण दमसास व वरच्या स्वरांतील सफाई तिने अशी कमावली की ऐकणाऱ्याला ते वैगुण्य सहसा जाणवत नसे. तिची खरी कारकीर्द या दुरुस्त केलेल्या गळ्याचीच आहे.

१८४४ मध्ये बर्लिन आणि ४ मे १८४७ रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या उपस्थितीत, लंडन तिने जिंकले. त्याच वर्षी इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या ‘इ मास्नादिएरी’ या ऑपेरातील अमालियाची भूमिका तिने प्रथम साकारली. जर्मन संगीतकार मेंडेल्सोनशी तिचा निकटचा स्नेह होता व ‘एलाइजा’ या ऑरेटोरिओतील (अभिनयाविना गायली जाणारी, बहुधा धार्मिक विषयावरील दीर्घ रचना) सोप्रानोचा भाग त्याने तिचा आवाज मनाशी धरून लिहिला होता, तो तिने गायला, तेव्हा मात्र मेंडेल्सोन हयात नव्हता. १८४८ च्या त्या प्रयोगाच्या उत्पन्नातून त्याच्या नावाची शिष्यवृत्ती उभी राहिली आणि तिचा पहिला मानकरी पुढे संगीतकार म्हणून गाजलेला आर्थर सलिव्हन ठरला. १० मे १८४९ रोजी, कीर्ती शिखरावर असताना, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी तिने ऑपेरा कायमचा सोडला. तिच्या धर्मशील मनाला नाट्यगृहातील जीवन रुचत नव्हते. त्यापुढे ती केवळ मैफली व ऑरेटोरिओ गायली.

अमेरिकेचा दौरा पी. टी. बार्नम या तमाशेवाईक व्यावसायिकाने आखला. त्याने तिचे गाणे तोवर ऐकलेलेही नव्हते, तरी १५० मैफली, दर मैफलीस १,००० डॉलर असा करार करून १,८७,५०० डॉलर त्याने आगाऊ जमा केले. न्यूयॉर्कच्या पहिल्या मैफलीच्या (११ सप्टेंबर १८५०) तिकिटांचा लिलाव झाला, तेव्हा पहिले तिकीट जेनिन नावाच्या टोपीविक्रेत्याने २२५ डॉलरना घेतले. गाण्यापेक्षा टोप्यांची जाहिरात त्याला जास्त हवी असणार. बार्नमच्या गाजावाजाला विटून ९३ मैफलींनंतर तिने करार संपवला. कमाईचा मोठा वाटा तिने धर्मादाय कार्याला, विशेषतः स्वीडनमधील शाळांना दिला.

१८५२ मध्ये बॉस्टन येथे पियानोवादक ओटो गोल्डश्मिट याच्याशी तिचा विवाह झाला. पुढे हे दांपत्य इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिकमध्ये १८८३ पासून ती गायन शिकवू लागली. मॉल्व्हर्न टेकड्यांतील घरी तिचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये तिचे स्मारक आहे.

तिच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. तिने स्वतः योजलेल्या अलंकारिक स्वरावली मात्र तिच्या पतीने स्वरलिपीत नोंदवून ठेवल्या.