नागपुरातलं जुनं घर हेरिटेज यादीत घालायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची सगळी माहिती

महाल, इतवारी, धंतोलीकडची जुनी घरं एकेक करून पाडली जाऊन राहिलीत, आणि त्यातल्या कितीतरी लोकांना आपलं घर हेरिटेज यादीत जाऊ शकतं हेच माहीत नव्हतं. आमच्या आजोळच्या वाड्यासाठी मी हे सगळे कागद गोळा केले, म्हणून जे कळलं ते सविस्तर लिहितो.

पहिले एक क्लिअर करू. घर जुनं आहे एवढ्याने भागत नाही, त्याचं महत्त्व दाखवावं लागतं. म्हणजे बांधणी कशी आहे, कोणत्या काळातली आहे, कोणी मोठी व्यक्ती तिथे राहिली का, एखादी घटना घडली का, किंवा ते घर त्या गल्लीच्या एकूण रूपाचा भाग आहे का. शेवटचा मुद्दा लोक विसरतात, पण एकट्या घरापेक्षा ओळीने उभ्या असलेल्या चार घरांची बाजू कधीकधी जास्त मजबूत असते. आणि फक्त राजवाडेच लागतात असं काही नाही, धंतोली-रामदासपेठेतले गोल बाल्कनीवाले स्वातंत्र्याआधीचे बंगलेसुद्धा विचारात घेण्यासारखे आहेत.

ग्रेड तीन आहेत. ग्रेड १ राष्ट्रीय किंवा मोठ्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंना, त्यात आतबाहेर जवळपास काहीच बदलता येत नाही. ग्रेड २ प्रादेशिक, स्थानिक महत्त्वाच्या वास्तूंना, आतले बदल होऊ शकतात पण बाहेरच्या बदलांची बारीक तपासणी होते. ग्रेड ३ म्हणजे शहराच्या चेहऱ्यात भर घालणाऱ्या इमारती, तिथे बऱ्यापैकी मोकळीक असते, फक्त बदल इमारतीच्या स्वभावाला धरून पाहिजेत. साध्या राहत्या घरांनी ग्रेड ३ किंवा फार तर २ चा विचार करावा.

आता घर स्वतः तपासायचं कसं, यात मी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि तुम्हीही द्या. मूळचं किती शिल्लक आहे ते बघा: दिंडी दरवाजा, ओसरी, मधला चौक, सागवानी खांब, तुळया, कवेलूचं छप्पर. खांबावर हलकं ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर वाळवीची शंका घ्या. भिंतीचा चुना नखाने किंवा किल्लीने भुरभुरतो, सिमेंट तसं भुरभुरत नाही, त्यावरून मागाहून काय लिंपलं ते कळतं. आमच्याकडे दर्शनी भिंतीला वीसेक वर्षांपूर्वी सिमेंट प्लास्टर मारलं होतं, चांगल्या हेतूनेच मारलं, पण चुन्याच्या भिंतीतला ओलावा त्याने कोंडला आणि आतल्या विटा सुटायला लागल्या. असे बदल लपवू नका, कोणत्या साली काय केलं ते सरळ लिहा. मागून भर पडली म्हणून घर आपोआप बाद होत नाही, मूळ घर अजून ओळखू येतं का हा प्रश्न आहे.

कागदांमध्ये पहिली आखीव पत्रिका, म्हणजे जागेचं प्रॉपर्टी कार्ड, आणि सिटी सर्व्हेचा नकाशा. जागा नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची असेल तर लीजचे कागद. मग खरेदीखत किंवा वाटणीपत्र, चालू घरटॅक्सची पावती, आणि जुना मंजूर नकाशा, तो घरी नसेल तर महानगरपालिका किंवा नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यास) माहिती अधिकारात मागा, अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तराची मुदत ३० दिवस आहे. सगळ्या वारसांचं संमतिपत्र आधीच करून ठेवा, कारण नंतर घरातूनच हरकत आली की सगळं अडकतं. आर्किटेक्टकडून मोजमापाचे नकाशे, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा रिपोर्ट, चारही बाजूंचे आणि आतले तारखेसकट फोटो, पडझडीचेही. इतिहासासाठी लग्नाचे जुने फोटो, पत्रं, हिशोबाच्या वह्या काढा, त्याशिवाय पुराभिलेखागाराचं नागपूरचं कार्यालय आणि १९३४ पासूनचं विदर्भ संशोधन मंडळ आहेच.

प्रस्ताव म्हणजे दोन-तीन पानांचं निवेदन, सोबत वरचे कागद. तो नागपूर हेरिटेज संवर्धन समितीच्या नावाने महानगरपालिकेच्या नगर रचना विभागात, सिव्हिल लाइन्सला द्यायचा आणि पोचेचा शिक्का घ्यायचाच. यादीत भर घालण्याआधी जनतेकडून हरकती-सूचना मागवतात आणि अंतिम निर्णय राज्य सरकारचा, समितीने शिफारस केली म्हणजे घर यादीत गेलं असं समजू नका.

घर सरकार घेईल का, असं आमच्या मामींनी तीनदा विचारलं. नाही घेत. मालकी तुमचीच, राहता येतं, विकताही येतं, फक्त पाडायला किंवा मोठा बदल करायला समितीमार्फत परवानगी लागते. बांधकामाचा हक्क त्यामुळे वापरता आला नाही तर नियमावलीत टीडीआरची, म्हणजे तो हक्क दुसऱ्या जागेवर वापरायची किंवा विकायची तरतूद आहे, त्याबद्दल आर्किटेक्टशी आधीच बोला. देखभालीचा खर्च मात्र मुख्यतः मालकाचाच, तो धरूनच घरात चर्चा करा.

आणि जीर्ण इमारतीची नोटीस आली असेल तर थांबू नका, स्ट्रक्चरल रिपोर्ट आणि प्रस्तावाची पोच लावून नोटीस ज्या झोन ऑफिसची आहे त्याच ऑफिसला लेखी उत्तर द्या. धोकादायक भागाला आधी टेकू लावा, तिथे माणसं झोपू देऊ नका, आणि मृगाआधी कवेलू फेरून घ्या.