मिस्टपासून आजपर्यंत: क्लिक करत फिरायचं की मोकळं चालायचं

टेक्स्ट ॲडव्हेंचरपर्यंत, म्हणजे नुसता मजकूर वाचून खेळायच्या गेम्सपर्यंत, मागे जायची गरज नाही, फर्स्ट पर्सन पझल गेम्सची (आपल्याच डोळ्यांनी बघत कोडी सोडवायच्या गेम्सची) आजची ओढ खरी सुरू होते १९९३ पासून, मिस्ट आला तिथून. आधीच रेंडर केलेली, म्हणजे कॉम्प्युटरवर आधीच बनवून ठेवलेली, अडीचेक हजार स्थिर चित्रं, क्लिक केलं की पुढचं चित्र, बस. मरण नाही, टायमर नाही, आणि इथे करायचंय काय हेही कोणी सांगत नाही. तरी २००२ मध्ये द सिम्सने मागे टाकेपर्यंत पीसीवर सगळ्यात जास्त खपलेला गेम हाच.

मिस्टचा पुढचा भाग, १९९७ चा रिव्हन, पाच सीडींवर आला आणि त्याने कोडं आणि जग वेगळं ठेवलंच नाही. तिथले आकडे शाळेतल्या एका खेळण्यावरून शिकायचे, म्हणजे तिथलं मूल जसं शिकेल तसेच. मला वाटतं या प्रकाराचं वेड लागतं ते इथेच, कारण हातात हत्यार येत नाही, पॉवर वाढत नाही, फक्त आपल्याला जास्त कळायला लागतं.

आता जुना वाद, क्लिक करत फिरायचं की मोकळं चालायचं. स्थिर चित्रं ही तेव्हाची मजबुरी होती, घरच्या कॉम्प्युटरला एवढं डिटेल चालता चालता काढणं झेपत नव्हतं. मग २००० मध्ये रिअलमिस्ट आला, तोच मिस्ट, पण पूर्ण मोकळं फिरायचं. २००१ च्या तिसऱ्या भागात परत ठरलेल्या जागी उभं राहून चौफेर बघायचं, २००३ च्या उरूमध्ये (याच मालिकेतला गेम) पुन्हा मोकळं, २००४ च्या चौथ्यात पुन्हा रेंडर केलेली चित्रं आणि २००५ च्या पाचव्यात दोन्ही पर्याय देऊन टाकले! एकाच मालिकेत इतक्या कोलांट्या, कारण दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं होतं. मोकळं चालणं हवं असणारे म्हणायचे की क्लिक केल्यावर नव्वद अंशात वळणार की मागेच फिरणार तेच कळत नाही, मग एखादी वाट बघायची राहिली तर तो खेळणाऱ्याचा दोष कसा? बरोबरच आहे. पण स्थिर चित्रात प्रत्येक कोन कोणीतरी विचार करून निवडलेला असतो, नजर कुठे जाईल ते ठरवलेलं असतं. रिव्हनमध्ये एके ठिकाणी दार उघडलं की बाजूच्या वाटा त्या उघड्या दारांमागेच झाकल्या जातात, आत जाऊन मागे वळून दार लावलं तरच दिसतात. कित्येक जण तिथे अडकून बसले, आणि माझ्या मते अख्ख्या प्रकारातली ही सगळ्यात सुंदर जागा आहे.

२००७ च्या पोर्टलने, भिंतींवर दारं उघडत एका जागेवरून दुसऱ्या जागी जायच्या गेमने, मोकळ्या हालचालीलाच कोडं केलं, तिथून या वादाची धार गेली. २०१६ च्या द विटनेसमध्ये पॅनलवर रेषा ओढायच्या, नियम एकही शब्द न वापरता शिकवलेत. २०१९ च्या आउटर वाइल्ड्समध्ये २२ मिनिटांनी सगळं जग पहिल्यापासून सुरू होतं आणि सोबत राहते ती फक्त मिळालेली माहिती, म्हणजे मिस्टचीच कल्पना पार टोकाला नेलेली. २०२५ च्या ब्लू प्रिन्समध्ये तर दार उघडताना पुढची खोली आपणच निवडायची.

आणि रिव्हन २०२४ मध्ये मोकळं फिरता येईल असा नव्याने बनवला, काही कोडी बदलून, त्यामुळे १९९७ ची उत्तरं पाठ असलेल्यांनाही वही-पेन घेऊन परत बसावं लागलं.