द मिरॅकल वर्कर (नाटक)

द मिरॅकल वर्कर हे अमेरिकन लेखक विल्यम गिब्सनचं तीन अंकी नाटक, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं १९ ऑक्टोबर १९५९ ला. जिला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही अशा लहान मुलीपर्यंत भाषा कशी पोचवली त्याची ही गोष्ट आहे, मुलगी म्हणजे हेलन केलर आणि शिकवणारी ॲनी सलिव्हन, दोघीही खऱ्या. बरेच लोक याला हेलनचं नाटक म्हणतात पण नावातली ती चमत्कार करणारी बाई म्हणजे ॲनी, तिला हे बिरुद लेखक मार्क ट्वेनने दिलं होतं. आणि नाटक बघितलं की कळतं की हे खरंच ॲनीचंच आहे, हेलनच्या पुढच्या ऐंशी वर्षांशी त्याला काही घेणंदेणं नाही, एका घरातले फक्त काही आठवडे त्याने उचललेत.

आधी ते टीव्हीसाठी लिहिलं गेलं. फेब्रुवारी १९५७ मध्ये सीबीएस या अमेरिकन चॅनेलच्या प्लेहाउस ९० या मालिकेत लाइव्ह सादर झालं, डायरेक्टर आर्थर पेन. मग गिब्सनने ते स्टेजसाठी वाढवलं, डायरेक्शन पेनकडेच राहिलं, ॲनी झाली ॲन बॅनक्रॉफ्ट आणि हेलन झाली पॅटी ड्यूक जी तेव्हा जेमतेम बारा वर्षांची होती. ७१९ प्रयोग झाले, जुलै १९६१ पर्यंत चाललं. ब्रॉडवेच्या नाटकांना मिळणारे टोनी पुरस्कार १९६० मध्ये वाटले तेव्हा सर्वोत्कृष्ट नाटक, दिग्दर्शक आणि अभिनेत्री (बॅनक्रॉफ्ट) असे मोठे पुरस्कार याच नाटकाला गेले. हेलन केलर त्या वेळी हयात होत्या बरं का, त्या वारल्या १९६८ मध्ये, आणि पॅटी ड्यूक त्यांना भेटलीही होती.

गोष्ट अशी. अलाबामा राज्यातलं टस्कंबिया गाव, साल १८८७. हेलन एकोणीस महिन्यांची असताना मोठं आजारपण आलं आणि त्यात तिची नजर आणि कान दोन्ही गेले. आता ती सात वर्षांची होत आलीये, घरभर हात लावत फिरते, हवं ते ओढून घेते, नाही मिळालं तर लाथा मारते आणि घरातले सगळे तिला घाबरून किंवा तिची दया येऊन गप्प बसतात. वडील कॅप्टन केलर अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यातले जुने अधिकारी, आवाज चढवला की काम झालं असं मानणारे. आई केट मुलीच्या मायेत बुडालेली, सावत्र भाऊ जेम्स तिरकस बोलून सगळ्यांवर राग काढतो. अशा घरात बोस्टनच्या पर्किन्स या अंधांच्या शाळेतून वीस वर्षांची ॲनी येते, उत्तरेकडची, आयरिश घरातली, डोळ्यांना काळा चष्मा, स्वतःच अर्धवट आंधळी, आणि तोंडाने फटकळ. यादवी युद्ध संपून बावीस वर्षं झालेली पण जेवणाच्या टेबलावर ते युद्ध अजून चालूच आहे आणि त्यात ही यांकी, म्हणजे उत्तरेकडची, मुलगी घरमालकाला तोंडावर सांगते की तुमची दयाच या मुलीला नडतेय. पहिल्याच दिवशी हेलन तिला खोलीत कोंडून किल्ली लपवते आणि कॅप्टनना शिडी लावून तिला खाली उतरवावं लागतं. प्रेक्षक हसतात, आणि गिब्सनला ते हसू हवंच होतं कारण पुढे जे येतं ते हसण्यासारखं नाहीये.

पुढे येतो दुसऱ्या अंकातला नाश्त्याचा सीन, आणि माझ्या मते नाटक सगळ्यात भारी इथेच आहे, शेवटच्या त्या प्रसिद्ध सीनमध्ये नाही, जिथे पाण्याच्या पंपापाशी हेलनला पहिला शब्द कळतो. हेलनची सवय अशी की टेबलाभोवती फिरायचं आणि प्रत्येकाच्या ताटात हात घालून खायचं, घरच्यांनी ते इतकं अंगवळणी पाडून घेतलंय की तिकडे लक्षही न देता त्यांच्या युद्धाच्या गप्पा चालू राहतात. हेलनचा हात ॲनीच्या ताटात जातो तेव्हा ॲनी तो धरते आणि बाजूला करते. पुन्हा जातो, पुन्हा बाजूला. मग ॲनी सगळ्यांना खोलीबाहेर काढते, दाराला कुलूप लावते आणि त्यानंतर कितीतरी मिनिटं स्टेजवर संवाद जवळजवळ नाहीच, नुसती झटापट. हेलन जमिनीवर पडून लाथा झाडते, ॲनी तिला उचलून खुर्चीत बसवते, ती पळते, पुन्हा खुर्ची, चमचा हातात देते, चमचा फेकला, दुसरा चमचा, तोही फेकला, अन्न तोंडावर थुंकलं जातं, जगमधलं पाणी तोंडावर मारलं जातं, थप्पड खाल्ली जाते आणि परतही दिली जाते. शेवटी ॲनी केस विस्कटलेल्या अवस्थेत बाहेर येऊन केटला सांगते की खोलीची वाट लागलीये पण हेलन स्वतःच्या ताटातून चमच्याने जेवली, आणि तिने नॅपकिनची घडी घातली. आई तेवढंच एक वाक्य स्वतःशी घोळवत राहते. हा सीन रोजच्या प्रयोगात करायचा म्हणजे प्रत्येक हालचाल नाचासारखी बसवलेली लागते, एक पाऊल चुकलं तर खरंच लागतं, सिनेमाच्या शूटिंगला तर दोघींनी कपड्यांच्या आत पॅडिंग घातलं होतं.

शिकवण्याची पद्धत समजून घेतल्याशिवाय नाटक कळत नाही म्हणून थोडं त्याबद्दल. बोटांची एक हाताची मुळाक्षरं असतात, प्रत्येक अक्षराला हाताचा एक आकार, तो आकार समोरच्याच्या तळहातात करायचा म्हणजे त्याला स्पर्शाने कळतो. पर्किन्सची लॉरा ब्रिजमन हेलनच्या कितीतरी आधी भाषा शिकलेली अंध-बधिर मुलगी, तिच्याबद्दल चार्ल्स डिकन्सच्या प्रवासवर्णनात वाचूनच केटला आशा वाटली होती. ॲनीने येताना पर्किन्सच्या मुलींनी दिलेली बाहुली आणली आणि बाहुली हातात देऊन डी-ओ-एल-एल अशी अक्षरं तळहातात काढली. हेलनला ती नक्कल लगेच जमली. अडचण अशी की तिला तो बोटांचा खेळ वाटत होता, या हालचाली म्हणजे त्या वस्तूचं नाव आहे हे डोक्यात शिरत नव्हतं, नाटकात ती घरच्या कुत्रीच्या पंजावरसुद्धा अक्षरं काढायला जाते. प्रेक्षकांना बोटांचे आकार वाचता येत नाहीत म्हणून ॲनी प्रत्येक अक्षर तोंडाने म्हणते, त्यामुळे जिला काहीच ऐकू येत नाही अशा मुलीशी ती सतत बोलतेय असं एक विचित्र चित्र तयार होतं आणि स्टेजवर ते फार छान चालतं.

घरच्यांच्या लुडबुडीपुढे काही होणार नाही हे बघून ॲनी हेलनला बागेतल्या छोट्या घरात घेऊन जाते, मुदत दोन आठवडे. हेलनला घर ओळखू येऊ नये म्हणून तिला आधी गाडीतून फिरवून आणतात. दोन आठवड्यांनी मुलगी शांत, स्वच्छ, शिस्तीत वागणारी झालेली असते, आईवडील खूश, आणि ॲनी मात्र नाराज, कारण शब्द अजून पोचलेलाच नाही आणि समज नसलेली आज्ञाधारकता तिला आंधळेपणाच वाटते.

इथे खरा इतिहास आणि नाटक वेगळं होतं आणि हा फरक मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. गिब्सनने मुख्य आधार घेतला तो ॲनीच्या त्या काळातल्या पत्रांचा, जी हेलनच्या १९०३ च्या आत्मचरित्रासोबत छापली गेली होती. २० मार्च १८८७ च्या पत्रात ॲनी आनंदाने लिहिते की चमत्कार झाला, आणि हा चमत्कार पाण्याचा नाही, मुलगी वठणीवर आली याचा आहे. आज्ञापालनातूनच ज्ञान आणि प्रेम मुलाच्या मनात शिरतं असंही तिने त्याच महिन्यात लिहिलंय. म्हणजे पत्रातल्या ॲनीला शिस्तीचंच केवढं कौतुक, आणि नाटकातली ॲनी त्याच शिस्तीवर असमाधानी. गिब्सनने तिला थोडं आपल्या काळाचं केलं असं म्हणता येईल.

पंपाचंही तसंच. खऱ्यात ५ एप्रिल १८८७ च्या सकाळी हेलनने तोंड धुताना पाण्याचं नाव विचारलं, ‘मग’ (प्यायचं भांडं) आणि ‘पाणी’ या शब्दांत तिचा गोंधळ होत होता, म्हणून ॲनीने तिला पंपापाशी नेलं, एका हातावर पाण्याची धार आणि दुसऱ्या हातात अक्षरं. जेवणाच्या टेबलावरचं भांडण वगैरे काही नव्हतं. नाटकात घरवापसीच्या जेवणात हेलन पुन्हा नॅपकिन फेकते, पाण्याचा जग ॲनीवर ओतते, ॲनी तिला फरफटत बाहेर नेते, कॅप्टन अडवायला उठतात तर जेम्स आयुष्यात पहिल्यांदा बापाला अडवतो, आणि जग भरता भरता हेलनच्या तोंडून बाळपणीचा शिल्लक राहिलेला ‘वा-वा’ (म्हणजे वॉटर, पाणी) हा उच्चार निघतो. अख्ख्या नाटकात हेलनला बोलायला मिळतं ते एवढंच. त्यानंतर ती जमीन, पायरी, आई असं एकेकाचं नाव मागत सुटते, आणि आईच्या किल्ल्या काढून ॲनीच्या हातात देते.

ॲनीचा भूतकाळ आवाजांमधून येतो. ट्यूक्सबरीच्या अनाथालयवजा गरीबखान्यात ती लहान भावासोबत राहिली, भाऊ जिमी तिथेच १८७६ मध्ये गेला, त्याचा आवाज तिला एकटी असताना ऐकू येतो. हे काही प्रयोगांत जरा रडवेलं होतं पण ती हेलनवर दया का करत नाही याचं उत्तर तिथेच आहे.

टीकाही भरपूर झाली आणि ती रास्त आहे. ॲनी येण्याआधी हेलनकडे घरच्या खुणांची स्वतःची भाषा होती, साठेक खुणा, आणि स्वयंपाकिणीच्या मुलीशी ती त्यावर मजेत खेळायची, पण नाटकात ती जवळजवळ जंगली प्राणी वाटते कारण चमत्कार मोठा दिसायला आधीचा अंधार गडद लागतो. शिवाय पुढे रॅडक्लिफ कॉलेजमधून १९०४ मध्ये बीए झालेली, सोशलिस्ट पक्षात गेलेली, युद्धाविरुद्ध बोलणारी हेलन लोकांच्या डोक्यातून पुसली जाऊन पंपापाशी उभी असलेली मुलगीच उरली. याला एकटं नाटक जबाबदार नाही, तरी मोठा वाटा त्याचाच.

१९६२ च्या सिनेमातही पेन, बॅनक्रॉफ्ट आणि ड्यूक हेच त्रिकूट होतं आणि दोघींनाही ऑस्कर मिळालं. १९७९ च्या टीव्ही आवृत्तीत पॅटी ड्यूकच ॲनी झाली. टस्कंबियात केलरांच्या घराच्या आवारात दर उन्हाळ्यात हे नाटक उघड्यावर होतं. २०१० मध्ये ब्रॉडवेवर पुन्हा आलं तेव्हा हेलनच्या भूमिकेसाठी अंध किंवा बधिर मुलींचा विचारच का केला नाही यावरून वाद पेटला, निर्मात्यांचं म्हणणं तिकिटं खपायला ओळखीचा चेहरा लागतो, आणि तो चेहरा असूनही प्रयोग महिनाभरातच बंद पडले. गिब्सनने स्वतः १९८२ मध्ये पुढचा भाग ब्रॉडवेवर आणला होता, मोठी हेलन, ॲनी आणि ॲनीचा नवरा जॉन मेसी यांच्यातल्या ओढाताणीवर, तो तर काही दिवसांतच गुंडाळावा लागला.