हेड निवडायचं ते पंख्याला विचारून

अमेरिकेतल्या तळ्यांवर आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर एक जुनं पेट्रोल इंजिन आजही हजारो स्पीडबोटींमध्ये धडधडतंय. शेव्हरोलेचं बिग-ब्लॉक व्ही-८. आजच्या घडणीचं पहिलं १९६५ साली बाजारात आलं. १९७० मध्ये त्याचा ४५४ घनइंचांचा, म्हणजे सुमारे ७.४ लिटरचा अवतार आला आणि बोटवाल्यांनी तो उचलून धरला. आपल्या कोकणातल्या बहुतेक यांत्रिक मच्छीमार नौका डिझेलवर चालतात, त्यामुळे हे जग आपल्याला थोडं परकं आहे. पण त्यातला एक प्रश्न फार सुंदर आहे, आणि तो समजला की कुठलंही पेट्रोल इंजिन कळायला लागतं. प्रश्न असा: हेडमधून, म्हणजे सिलिंडरांवर झाकणासारख्या बसणाऱ्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागातून, हवा जाण्याची वाट किती रुंद असावी?

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. जितकी रुंद तितकी चांगली. बोटीच्या बाबतीत हे उत्तर बहुतेक वेळा चुकतं.

आधी आकार डोळ्यांसमोर आणू. या इंजिनाचा एकेक सिलिंडर ९३० सीसीचा आहे, असे आठ. ४८०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला इतके फेरे होत असताना, प्रत्येक सिलिंडर सेकंदाला चाळीस वेळा भरतो. गच्चीवरची १००० लिटरची टाकी पाण्याऐवजी हवेने भरलेली आहे असं समजा. हे इंजिन ती साडेतीन-चार सेकंदांत रिकामी करेल. ही सगळी हवा इनटेक मॅनिफोल्डच्या नळ्यांमधून येते आणि हेडमधल्या पोर्टमधून, म्हणजे त्या वाटेतून, वळून व्हॉल्व्हपाशी पोचते.

बिग-ब्लॉकच्या हेडमध्ये पोर्टचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक लंबगोल, त्याला ओव्हल पोर्ट म्हणतात. त्याची पोकळी साधारण २५० सीसीची. दुसरा चौकोनी, रेक्टँग्युलर पोर्ट, साधारण ३२० सीसीचा. म्हणजे एका चौकोनी पोर्टमध्ये आपल्या १०० सीसी मोटारसायकलचे तीन सिलिंडर मावतील. (ट्रकांसाठी याहून चिंचोळा, शेंगदाण्याच्या आकाराचा पोर्टही निघाला होता. त्याला तिकडे पीनट पोर्टच म्हणतात.)

आता खाडी आठवा. नदी अरुंद असते तोवर पाणी वेगात असतं आणि गाळ बरोबर घेऊन जातं. मुखाशी पात्र पसरलं की तेच पाणी संथ होतं आणि गाळ खाली बसतो. कार्ब्युरेटरच्या इंजिनात पोर्टमधली हवा पेट्रोलचे बारीक थेंब असेच वाहून नेत असते. पोर्ट २५० चा ३२० केला की तेवढ्याच आरपीएमला हवेचा वेग सुमारे पाचव्या हिश्श्याने उतरतो. थेंब भिंतीला चिकटतात, ओघळतात, एका सिलिंडरला जास्त आणि दुसऱ्याला कमी मिळतात. शिवाय वेगात असलेल्या हवेला स्वतःचा रेटा असतो. पिस्टन वर यायला लागला तरी त्या रेट्याने ती आत घुसत राहते, सिलिंडर जास्त भरतो आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढतो. हवा संथ असेल तर हा फायदा हातचा जातो. मोठा पोर्ट वाईट नाही, पण त्याचा वेग जमायला ६०००-६५०० आरपीएम लागतात.

बोट तिथवर पोचतच नाही. गाडीला गिअर असतात, बोटीला फक्त पाण्यात फिरणारा पंखा, म्हणजे प्रोपेलर. पंख्याला लागणारी ताकद आरपीएमच्या घनाच्या आसपास वाढते. आरपीएम दुप्पट करायचे तर ताकद जवळजवळ आठपट हवी. म्हणून साध्या ७.४ लिटरच्या बोटीत पंखा असा बसवतात, की पूर्ण थ्रॉटलला इंजिन ४४०० ते ४८०० च्या दरम्यान थांबेल. त्याच्या खाली एक अवघड जागा आहे. बोट सुटताना नाक वर करते, शेपूट पाण्यात दाबली जाते आणि स्वतःच्याच लाटेचा चढ तिला चढावा लागतो. तो चढ ओलांडला की ती पाण्यावर सपाट येऊन पळायला लागते. ही ओढाताण अडीच-तीन हजार आरपीएमला होते. चार माणसं, भरलेली टाकी, आणि मागे दोरीला धरून पाण्यात बसलेला स्कीवाला असताना टॉर्क नेमका तिथे कमी पडला तर बोट नाक वर करून नुसती पाणी नांगरत राहते. मग ६००० ला किती हॉर्सपॉवर मिळते याला काय अर्थ उरतो?

मॅनिफोल्डचं गणितही हेच सांगतं. त्याचे दोन प्रकार. ड्युअल-प्लेनमध्ये आठ सिलिंडरांचे चार-चारचे दोन गट करतात आणि प्रत्येक गटाला कार्ब्युरेटरचा अर्धा भाग देतात. त्यामुळे एका गटात क्रँकच्या दर १८० अंशांनी एकच सिलिंडर हवा ओढतो, शेजाऱ्याची पळवत नाही, आणि खालच्या आरपीएमलाही ओढ जोरदार राहते. सिंगल-प्लेनमध्ये आठही नळ्या एकाच पोकळीत उघडतात, आखूड आणि सरळ. वरच्या आरपीएमला त्याची बरोबरी नाही. पण कुटुंबाला घेऊन तळ्यात फिरायच्या बोटीला ओव्हल पोर्ट आणि ड्युअल-प्लेन हीच जोडी मी सुचवेन, आणि शर्यतीच्या बोटीचा फोटो बघून मत बदलणार नाही.

एक धोका मात्र ताकदीपलीकडचा आहे. मोठे पोर्ट कामाला लावायचे तर व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट लागतो. मग इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काही काळ एकदमच उघडे राहतात. गाडीत याने फक्त आयडलिंग खडबडीत होतं. बोटीत मात्र एक्झॉस्ट थंड ठेवायला त्यात पाणी सोडलेलं असतं. धक्क्याला इंजिन हळू चालत असताना एक्झॉस्टमधला वायू मागे ओढला जातो, त्याबरोबर पाण्याचा तुषारही. आधी व्हॉल्व्हवर गंज धरतो. पुढे सिलिंडरमध्ये पाणी साठतं, आणि पाणी दाबलं जात नाही. पिस्टन त्यावर आदळला की कनेक्टिंग रॉड वाकतो.

धातूचं थोडक्यात सांगतो. खाऱ्या पाण्याने थेट थंड होणाऱ्या इंजिनाला ओतीव लोखंडाचं हेड बरं. अॅल्युमिनियम वजनाने हलकं आणि उष्णता लवकर बाहेर काढणारं, पण मीठ त्याला खातं. त्याला हीट एक्स्चेंजरची बंद कूलिंग व्यवस्था हवी, म्हणजे खारं पाणी इंजिनात शिरत नाही. आणि बोट म्हणजे अखंड खंबाटकी चढणारी गाडी, त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचे घ्यावेत, हेड आणि खालच्या ब्लॉकमधली सील, म्हणजे हेड गॅस्केट, मरीनसाठी बनवलेलंच घ्यावं.

खरेदीआधी ब्लॉक कोणत्या पिढीचा आहे ते पाहाच. १९९० पर्यंतचे मार्क-४, १९९१ पासूनचे पाचव्या आणि नंतर सहाव्या पिढीचे. जुनं हेड नव्या ब्लॉकवर बोल्टांना बसतं, पण पाण्याची भोकं जुळत नाहीत, आणि त्यासाठीचं खास गॅस्केट नसेल तर पाणी तेलात उतरतं. चौकोनी तोंडाचं मॅनिफोल्ड ओव्हल हेडवर लावलं तर हवा थेट धातूच्या पायरीवर आपटते. घेण्याआधी त्या मॅनिफोल्डच्या मापाचं नवं इनटेक गॅस्केट हेडवर धरून बघा; पोर्टची कड आत डोकावताना दिसली तर ते मॅनिफोल्ड तुमचं नाही.

आणि भंगारात हेड शोधत असाल तर व्हॉल्व्ह कव्हर काढून आतला ओतीव क्रमांक वाचा. शेवटचे अंक ०४९ किंवा ७८१ दिसले, तडा नसला, गंजाने पाण्याच्या वाटा खाल्लेल्या नसल्या, तर ते जुने ओव्हल पोर्ट हेड सोडू नका.