हातपाय गाळणं शिकावं लागत नाही

एक मोठी पेटी, मधोमध बुटका अडसर. एका बाजूला पायांखालून विजेचे झटके बसतात, दुसरी बाजू सुरक्षित. कुत्र्याने अडसरावरून उडी मारली की सुटका. पण काही कुत्री उडी मारायचीच नाहीत. थोडा वेळ धडपडायची, मग खाली बसून कण्हत झटके सोसत राहायची. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे दिसलं. ती वर्णनं वाचताना आजही जीव कळवळतो.

या कुत्र्यांना आदल्या दिवशी पट्ट्यांनी बांधून झटके दिले होते. तसेच झटके दुसऱ्या एका गटालाही बसले; मात्र त्या गटाला डोक्याने फळी दाबून ते थांबवता येत होते. त्यांनी थांबवले की दोघांचेही थांबत. म्हणजे सोसणं अगदी सारखं, फरक फक्त फळीचा. फळीवाली कुत्री दुसऱ्या दिवशी झटपट शिकून पलीकडे गेली. ज्यांच्या हाती फळी नव्हती, त्यांच्यातली बहुतेक बसून राहिली.

‘काहीही केलं तरी उपयोग नाही’ हे ती शिकली, असा अर्थ तेव्हा लावला गेला. ‘शिकलेली असहायता’ हा शब्दप्रयोग पुढे मानसशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात गेला.

मायर मात्र तिथे थांबले नाहीत. मेंदूविज्ञान शिकून ते कोलोरॅडो विद्यापीठात उंदरांवर काम करू लागले. इथे फळीऐवजी चाक होतं. पुढच्या पायांनी ते फिरवलं की शेपटीला बसणारा झटका थांबायचा. त्यातून कळलं ते असं: त्रास लांबला की मेंदूच्या बुंध्यातला ‘डॉर्सल राफे’ नावाचा पेशींचा पुंजका सेरोटोनिन हे रसायन सोडतो आणि प्राणी गळाठतो. हे आपोआप होतं. शिकावी लागते ती उलट गोष्ट. ‘माझ्या चाक फिरवण्याने झटका थांबतो’ हे कपाळामागचा मेंदूचा भाग ओळखतो आणि राफेला आवर घालतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हा भाग औषधाने तात्पुरता बधिर केला. उंदीर चाक फिरवत राहिले, झटकेही थांबवत राहिले, पण नंतर असे वागले जणू त्यांच्या हातात काही नव्हतंच!

पन्नास वर्षांनी, २०१६ साली, सेलिग्मन आणि मायर यांनी एकत्र लिहिलं की आपला मूळ सिद्धांत उलटा होता. उभं आयुष्य ज्या कल्पनेवर उभं राहिलं तीच चुकली असं छापून सांगायला मोठं धैर्य लागतं.

उंदरांवरून माणसाचं सगळं सांगता येत नाही, हे खरं. तरी संकटात खचलेल्याला ‘कच खाल्लीस’ म्हणून बोल लावणं मला आता अन्यायाचं वाटतं. आणखी एक निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. ज्या उंदरांनी आधी एकदा चाक फिरवून त्रास थांबवला होता, ते पुढे खरोखरच काही हातात नसतानाही गळाठले नाहीत. कपाळामागचा तो लगाम तेव्हाही ओढला जात होता.

आणि बसून राहिलेली ती कुत्री? तशा काही कुत्र्यांवर उपाय करून पाहिला, तो प्रयोग १९६८ साली प्रसिद्ध झाला. अडसर काढला, पलीकडून हाका मारल्या; ती हलली नाहीत. मग गळ्यात दोरी बांधून त्यांना पुन्हा पुन्हा पलीकडे ओढत नेलं. सुरुवातीला बराच जोर लागे. हळूहळू तो कमी लागू लागला, दोरी सैल पडली, आणि मग कुत्री आपली आपण पलीकडे जाऊ लागली.