सेल्फ बिघडला की त्याला करंटच पोचत नाही?

वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची मळणी आटोपली की आमच्याकडे गोव्यात, पेडण्यात, ट्रॅक्टर मांगरात शिरतो, तो मिरगाच्या तोंडावरच बाहेर निघतो. मधले दोन महिने त्याच्याकडे कोणी बघत नाही. मग पहिला पाऊस पडतो, चिखलणीची घाई होते, किल्ली फिरवावी तर नुसतं 'टक्'. जमलेल्यांपैकी कोणीतरी लगेच निकाल देतो, "सेल्फ गेला!" सेल्फ म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणारी स्टार्टर मोटार.

मीही एकदा असाच निकाल मानला होता. सेल्फ काढून म्हापशाला नेला, त्याचे कार्बन (फिरत्या भागाला घासून करंट देणारे ब्रश) बदलून घेतले, पैसे मोजले. परत बसवल्यावर पुन्हा तेच 'टक्'. दोष निघाला बॅटरीची निगेटिव्ह बाजू चॅसीला जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत. तिच्या बोल्टखाली इतका गंज होता की पट्टी हाताने फिरत होती. सरदाची, म्हणजे पावसाळी भाताची चार दिवसांची चिखलणी मागे पडली. म्हणून हे लिहितो आहे.

दोन बिघाड आहेत आणि बाहेरून ते सख्ख्या भावांसारखे दिसतात. एकात सेल्फ धडधाकट असतो, पण बॅटरी, केबल किंवा अर्थिंगमुळे त्याला पुरेसा करंट मिळत नाही. दुसऱ्यात करंट दारापर्यंत येतो, पण सेल्फ त्याचं काही करू शकत नाही. दोन्हींत इंजिन फिरत नाही. इलाज मात्र पूर्ण वेगळा.

आवाजावरून थोडा अंदाज येतो. टक-टक-टक-टक असा भराभर आवाज आला तर बहुतेक वेळा करंट कमी आहे. सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडून देणारा चुंबकाचा स्विच) आत ओढला जातो, सेल्फ जोडला गेला की व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज सावरतं, तो पुन्हा ओढला जातो. एकच दमदार 'टक्' होऊन शांतता पसरली तर सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट जळलेले असू शकतात, कार्बन झिजलेले असू शकतात, पण माझ्यासारखी कुजलेली अर्थिंगही असू शकते. म्हणून नुसत्या आवाजावर सेल्फ उतरवू नये. सेल्फ 'घुंई' करून मोकळाच फिरत असेल आणि इंजिन हलत नसेल, तर मात्र करंटचा प्रश्नच नाही, बेंडिक्स, म्हणजे सेल्फला इंजिनच्या दात्यांत अडकवणारा भाग, घसरतो आहे. आणि अजिबातच आवाज नसेल तर आधी किल्ली, फ्यूज आणि क्लचखालचा सेफ्टी स्विच बघा.

हेडलाइट लावून सेल्फ मारणं ही जुनी युक्ती चांगली आहे. दिवे प्रखरच राहिले तर करंट सेल्फमधून वाहतच नाही: जळलेले कॉन्टॅक्ट, संपलेले कार्बन किंवा किल्लीची बाजू. दिवे विझत आले तर लोक बॅटरीला दोष देतात, आणि फसगत होते ती इथेच. बुश (आसाला धरणारी कडी) झिजलेल्या सेल्फचं आर्मेचर, म्हणजे आतला फिरता भाग, आत घासतं, मग तो इतका करंट ओढतो की चांगली बॅटरीही मान टाकते. खात्रीची, पूर्ण चार्ज बॅटरी लावूनही दिवे तसेच विझत असतील आणि केबल गरम होत नसेल, तर संशय सेल्फवर घ्या. इंजिनच जाम नाही ना, हेही तेव्हाच बघा.

खरा उलगडा मल्टीमीटरने होतो, आणि तोही सेल्फ मारत असतानाच. किल्ली बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले म्हणजे सगळं ठीक, असं नाही. नळ बंद असेल तर गाळाने भरलेल्या पाइपातही दाब पुरा दिसतो. नळ उघडल्यावर धार बारीक पडते. ट्रॅक्टरचा सेल्फ २०० अँपिअर आणि त्याहून जास्त ओढतो. गंजलेल्या जोडात ०.०२ ओहम एवढासा अडथळा असला तरी २०० अँपिअरला तिथेच ४ व्होल्ट खर्च होतात. बारातले सेल्फला उरतात जेमतेम आठ.

गियर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन चालू होऊ नये म्हणून स्टॉपची दांडी ओढून धरलेली, इतकं आधी करा. दुसऱ्या माणसाला किल्ली मारायला सांगा, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा कमी. बॅटरीवर साडेनऊ व्होल्टच्या खाली आकडा गेला तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासा. आकडा चांगला असेल तर एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह शिशाच्या खुंटावर, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर ठेवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष त्या केबलमध्ये. तसंच निगेटिव्ह खुंट आणि सेल्फची बॉडी यांच्यामध्ये मोजा, तिथे पाव व्होल्टच्या आसपासच हवं. आमच्या खाजनाच्या शेतांत चिखलाला मीठ असतं, समुद्राची हवाही खारी, त्यामुळे अर्थिंगची बाजू आधी कुजते. ती मी हल्ली पहिल्यांदा बघतो.

दोन्ही बाजू चोख निघाल्या तर सोलेनॉइडचे दोन्ही जाड बोल्ट तपासा. किल्ली मारल्यावर 'टक्' होऊन बॅटरीकडच्या बोल्टावर व्होल्टेज आहे, पण मोटारीकडच्यावर नाही, तर कॉन्टॅक्ट गेले. दोन्हीकडे सारखं असूनही मोटार गप्प, तर कार्बन किंवा आर्मेचर. अशा वेळी बॉडीवर लाकडाने हलका ठोका दिल्यावर कधीकधी ती फिरते. कार्बन संपत आल्याची ती खूण आहे. त्या दिवशी काम उरका, पण संध्याकाळी सेल्फ उतरवा.

स्क्रू-ड्रायव्हरने ते दोन बोल्ट जोडून ट्रॅक्टर चालू करणारे मी पाहिले आहेत. कृपा करून हे करू नका. त्यात सेफ्टी स्विच वगळला जातो, आणि गियर पडलेला असेल तर चाकापुढे उभ्या माणसाच्या अंगावर ट्रॅक्टर येतो.

सेल्फ उतरवायचाच ठरला तर पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा. सेल्फ बाहेर आला की त्याच भोकातून टॉर्च मारून फ्लायव्हीलच्या रिंगचे दात बघून घ्या, इंजिन हाताने थोडं थोडं फिरवत, पूर्ण चक्कर होईपर्यंत.