एनएचएलचा संघ शहर कसं सोडतो: अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

संघ तोट्यात असल्याची बातमी आली की पाठोपाठ दुसरी कुजबुज सुरू होते: आता हे इथून जाणार. मालकाने ठरवलं की झालं, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते इतकं सोपं नाही. नॅशनल हॉकी लीग म्हणजे एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची सर्वोच्च लीग. तिच्यात ३२ संघ आहेत, २५ अमेरिकेत आणि ७ कॅनडात. संघ मालकाचा असला तरी अमुक शहरात खेळायचा हक्क लीगने दिलेला असतो. म्हणून शहर बदलायचं तर लीगची परवानगी काढावी लागते, आणि ती देतात बाकीच्या संघांचे मालक, मतदान करून. तुमच्या संघाबद्दल अशी कुजबुज कानावर आली असेल तर ही प्रक्रिया आधी समजून घ्या. तिच्यात शहराला आणि प्रेक्षकांना बोलायला जागा आहे, आणि ती वेळेवर वापरून संघ राखलेली शहरं आहेत.

अर्ज कोणाचा चालतो

अर्ज करायचा तो लीगने मान्य केलेल्या मालकाने. बाहेरच्या खरेदीदाराला थेट "मी संघ घेतो आणि माझ्या गावी नेतो" असं म्हणता येत नाही. त्याला दोन मंजुऱ्या लागतात: आधी मालक म्हणून, आणि मग शहर बदलण्यासाठी. मालकी बदलायला बोर्ड ऑफ गव्हर्नर्समध्ये तीन चतुर्थांश मतं लागतात. या बोर्डावर प्रत्येक संघाचा एक प्रतिनिधी असतो. शहर बदलण्याचा अर्ज लीगच्या पोटनियम ३६ खाली येतो आणि तो बहुमताने ठरतो.

पहिल्या मंजुरीत पैसा जितका पाहिला जातो तितकीच माणसाची वागणूकही. ब्लॅकबेरीवाले जिम बाल्सिली यांच्याकडे पैशाची कमतरता नव्हती. २००९ मध्ये फिनिक्स कोयोटीज हा संघ दिवाळखोरीच्या कोर्टात गेला तेव्हा त्यांनी २१ कोटी २५ लाख डॉलरची बोली लावली. अट एकच, संघ कॅनडातल्या हॅमिल्टनला न्यायचा. बोर्डाने त्यांना मालक म्हणून २६ विरुद्ध ० मतांनी नाकारलं. लीगला वळसा घालून कोर्टातून संघ मिळवू पाहणारा माणूस बाकीच्या मालकांना भागीदार म्हणून नको होता.

याच्या उलट चूकही लीगच्या हातून झालेली आहे. १९९७ मध्ये न्यूयॉर्क आयलँडर्सचे खरेदीदार म्हणून जॉन स्पॅनो यांना बोर्डाने मंजुरी दिली. नंतर कळलं की त्यांच्याकडे पैसाच नाही. ५० लाख डॉलर येणं असताना खात्यात ५ हजार जमा झाले होते. पुढे त्यांना फसवणुकीसाठी तुरुंगवास झाला. तेव्हा खरेदीदाराच्या पैशांचा माग काढायला लीगने वेळ घेतला तर चिडू नका, तो वेळ तुमच्या संघाच्या हिताचा आहे.

नुसता तोटा पुरत नाही

पोटनियम ३६ मध्ये बोर्डाने काय पाहावं याची लांब यादी आहे. सध्याच्या शहरात संघ आर्थिकदृष्ट्या तग धरू शकतो का, आज नसेल तर नव्या मालकाच्या हाताखाली धरू शकेल का, हा पहिला प्रश्न. मग प्रेक्षकांनी साथ दिली का. मालकाने शहराशी आणि मैदानाच्या व्यवस्थापनाशी प्रामाणिकपणे बोलणी केली का. याच गावात संघ चालवायला तयार असलेला दुसरा खरेदीदार आहे का. शिवाय नवं मैदान कसं आहे, वेळापत्रक आणि प्रवास कसा बदलेल, जुन्या चुरशींचं काय होईल.

यातला स्थानिक खरेदीदाराचा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो. तो समोर उभा असेल तर "इथे चालतच नाही" हा मालकाचा दावा लंगडा पडतो. १९९८ मध्ये एडमंटन ऑइलर्स ह्यूस्टनला जाण्याच्या बेतात होते. गावातल्या गुंतवणूकदारांनी गट करून वर्गणी काढल्यासारखा पैसा उभा केला, संघ विकत घेतला आणि तो आजही एडमंटनमध्ये आहे.

कागदपत्रं

यादीतले निकष वाचले की कोणते कागद लागणार हे उघड होतं. काही वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, कर्जाचा तपशील, तिकीटविक्रीचे आकडे, शहराशी झालेला पत्रव्यवहार. खरेदीदार असेल तर त्याच्या निधीचा पुरावा आणि खरेदीचा करार. नव्या शहराकडून मैदानाचा करार आणि तिथे हंगामी तिकिटं खपतील याचा आधार. अटलांटा थ्रॅशर्स २०११ मध्ये विनिपेगला गेले तेव्हा तिथल्या नव्या मालकांनी बोर्डाच्या मतदानाआधी १३ हजार हंगामी तिकिटं विकायचं लक्ष्य ठेवलं होतं. ती काही दिवसांतच खपली, आणि २१ जूनला बोर्डाने एकमुखी मंजुरी दिली.

पण खरा कळीचा कागद म्हणजे सध्याच्या मैदानाचा भाडेकरार. तो किती वर्षांचा आहे, मुदतीआधी सोडला तर दंड किती, कोणत्या अटीवर बाहेर पडता येतं, हे सगळं त्यात असतं. नॅशव्हिल प्रेडेटर्सच्या करारात अट होती की पैसे भरून येणाऱ्या प्रेक्षकांची सरासरी १४ हजारांच्या खाली गेली तर संघाला करार सोडण्याचा मार्ग मोकळा होतो. २००७ मध्ये मालकाने त्याच अटीवर बोट ठेवलं. गावकऱ्यांना नेमकं कुठे जोर लावायचा ते त्यामुळे कळलं. त्यांनी तिकिटं घेतली, व्यापाऱ्यांनी घेतली, स्थानिक गट खरेदीला पुढे आला आणि संघ राहिला. नगरपालिकेच्या मालकीच्या मैदानाचा भाडेकरार बहुतेक वेळा सार्वजनिक दस्तऐवज असतो, मागून घेता येतो. पहिलं काम तेच करा.

शेजारच्या संघाचा हक्क

प्रत्येक संघाला आपल्या शहराच्या हद्दीपासून ५० मैल, म्हणजे साधारण ८० किलोमीटरचा घरचा प्रदेश मिळतो. टोरंटो-मिसिसॉगा पट्ट्यातली आपली मराठी मंडळी विचारतात की हॅमिल्टन इतकं हॉकीवेडं असून तिथे एनएचएल का नाही. मोठं कारण हेच: ते टोरंटोच्या वर्तुळात येतं, आणि पलीकडून बफेलोचा बाजारही जवळ आहे. शेजाऱ्याला पूर्ण नकाराधिकार आहे की केवळ भरपाईचा हक्क, यावर वाद झालेला आहे. मतदानात मात्र शेजाऱ्याच्या नाराजीचं वजन पडतंच.

फी

लीग स्थलांतर फी आकारते आणि ती बाकीच्या संघांत वाटली जाते. अटलांटा-विनिपेग व्यवहार १७ कोटी डॉलरचा होता, त्यातले ६ कोटी फी म्हणून गेले.

अर्ज नाकारला तर

१९८३ मध्ये सेंट लुइस ब्लूजचे मालक, रॅल्स्टन प्युरिना ही कंपनी, संघ कॅनडातल्या सॅस्काटूनच्या बिल हंटर यांना विकू पाहत होते, आणि ते तो तिकडे नेणार होते. बोर्डाने १५ विरुद्ध ३ मतांनी नाही म्हटलं. कंपनीने लीगवर दावा ठोकला, संघ लीगच्या गळ्यात टाकला आणि त्या वर्षी नव्या खेळाडूंच्या निवडीला माणूससुद्धा पाठवला नाही. खेळाडूंचं आणि कर्मचाऱ्यांचं काय होईल याचा विचार न करता केलेली ती गोष्ट मला आजही खटकते. शेवटी हॅरी ऑर्नेस्ट यांनी संघ घेतला आणि तो सेंट लुइसमध्येच राहिला.

कोर्टाची वाट आहे, पण खात्रीची नाही. १९७४ मध्ये व्हँकुव्हरला जाऊ पाहणाऱ्या सील्स संघाचा लीगविरुद्धचा मक्तेदारीचा दावा कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने फेटाळला. कोयोटीजच्या खटल्यात न्यायाधीश रेडफील्ड बॉम यांनी ३० सप्टेंबर २००९ रोजी बाल्सिली आणि लीग, दोघांच्याही बोली नाकारल्या. त्यानंतर काही आठवड्यांत लीगनेच १४ कोटी डॉलरला संघ घेतला आणि २०१३ पर्यंत स्वतः चालवला.

मैदानच हातचं गेलं तर

कोयोटीजची पुढची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण यात अर्ज मागे पडतो आणि मैदान पुढे येतं. २०१३ मध्ये फिनिक्सजवळच्या ग्लेनडेल शहराच्या नगर परिषदेने, जिथे संघ खेळत होता, मैदानाचा करार ४ विरुद्ध ३ मतांनी मंजूर केला. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर संघ तेव्हाच गेला असता. पुढे ग्लेनडेलने करार वाढवायला नकार दिला. २०२२ पासून संघ फिनिक्सजवळच्याच टेम्पी शहरात विद्यापीठाच्या मैदानावर खेळू लागला, जिथे हॉकीसाठी जेमतेम ४,६०० जणांची सोय होती. नव्या मैदानाचा प्रस्ताव १६ मे २०२३ रोजी टेम्पीच्या मतदारांपुढे गेला आणि त्यांनी तिन्ही ठराव पाडले. सार्वजनिक पैसा कशावर खर्चावा हे ठरवायचा त्यांना पूर्ण अधिकार होता, तरी ज्या मुलांनी त्या वाळवंटात बर्फावर उभं राहायला शिकून घेतलं त्यांच्यासाठी वाईट वाटतं.

१८ एप्रिल २०२४ रोजी बोर्डाने एकमताने व्यवहार मंजूर केला. खेळाडू, करार आणि निवडीचे हक्क युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला, नवे मालक रायन स्मिथ यांच्याकडे गेले. एकूण १२० कोटी डॉलर, त्यातले १०० कोटी मालक अ‍ॅलेक्स मेरुएलो यांना आणि २० कोटी लीगच्या बाकी संघांना. कागदोपत्री मात्र हे स्थलांतर नव्हतंच: युटाचा संघ नवा धरला गेला, कोयोटीजचं नाव आणि इतिहास मेरुएलोंकडे राहिला, आणि पाच वर्षांत मैदान बांधलं तर संघ पुन्हा उभा करायचा हक्कही. ज्या जागेवर त्यांची भिस्त होती तिचा लिलाव राज्याच्या जमीन विभागाने जून २०२४ मध्ये रद्द केला, आणि त्याच महिन्यात त्यांनी तो हक्क सोडला.